तीर्थापुरते व्रत आणि महाव्रत
पातंजल योगातील यम-नियमांचा गृहस्थाश्रमात अवलंब

श्रीदर्शनासाठी येणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळांनी क्षेत्री येण्यापूर्वीच काही नेम धरलेला असतो. कोणी मांसाहार वर्ज्य करतो, कोणी तंबाखूस हात लावीत नाही, कोणी क्षेत्री असेतोवर तोंडातून अपशब्द काढणार नाही असा निश्चय करून येतो. हा नेम स्तुत्यच आहे. परंतु परतीच्या गाडीत बसल्यावर त्या नेमाचे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. योगशास्त्राने तो फार पूर्वी विचारला आहे आणि त्याचे उत्तरही निःसंदिग्ध दिले आहे. त्या उत्तराचा भाविकांस परिचय व्हावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

‘योग’ म्हणताच आज आसने डोळ्यांपुढे येतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व आसन-प्राणायामांचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास आरंभिला. पुढे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे देशोदेशींचे विद्यार्थी शिकण्यास येऊ लागले. २०१५ पासून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून जगभर साजरा होतो. हे सर्व अभिमानास्पद आहे. तथापि पतंजलींची योगसूत्रे उघडून पाहिली तर चार पादांतील सुमारे १९५ सूत्रांपैकी आसनाचे विवेचन अवघ्या तीन सूत्रांत आटोपलेले दिसते. अष्टांगांच्या क्रमातही आसन तिसरे आहे. त्याच्या आधी यम आणि नियम येतात. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे पाच यम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान हे पाच नियम. ज्यांचे गुडघे आता पद्मासनास राजी नाहीत अशा वडीलधाऱ्यांनी खंत करू नये. योगाची पहिली दोन अंगे त्यांना पूर्णपणे खुली आहेत.

यम सांगितल्यावर पतंजली लगेच पुढच्या सूत्रात एक महत्त्वाची गोष्ट सांगतात. जाती, देश, काल आणि प्रसंग यांच्या मर्यादा ओलांडून जे यम पाळले जातात, त्यांना ‘महाव्रत’ म्हणावे. या सूत्रावरील व्यासभाष्यात दिलेली उदाहरणे आपण भाविकांनी मुद्दाम लक्षात घ्यावीत अशी आहेत. मासे मारणारा कोळी म्हणतो, मी माशांखेरीज कोणाची हिंसा करणार नाही. ही जातीने मर्यादित झालेली अहिंसा. दुसरा म्हणतो, मी तीर्थक्षेत्री हिंसा करणार नाही. ही देशाने मर्यादित झालेली. तिसरा चतुर्दशीस किंवा पुण्यदिनी करणार नाही म्हणतो. ती कालाने मर्यादित झालेली. चौथा आणखी पुढे जाऊन सांगतो की, देवासाठी करीन, एरवी नाही. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी भाष्यकारांपुढे जो यात्रेकरू उभा होता, तोच आजही दर्शनबारीत उभा आहे.

भाष्यकार अशा मर्यादित व्रताची निंदा करीत नाहीत. क्षेत्रापुरते पाळलेले व्रत हे व्रतच असते, फक्त ते महाव्रत नसते. येथे आठ दिवस कांदा-लसूणही न खाणारा व्यापारी दुकानी परतल्यावर मापात हात आखडता घेत असेल, तर त्याने धर्म पाळला की धर्माची जागा ठरवून टाकली, हा विचार ज्याचा त्याने करावयाचा आहे. नाथमहाराजांविषयी परंपरेने सांगितली जाणारी कथा सर्वांना ठाऊक आहे. रामेश्वरास वाहण्यासाठी काशीहून आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. ही कथा आपण भूतदयेची म्हणून सांगतो. देशाची मर्यादा ओलांडण्याचीही ती कथा आहे. पुण्य रामेश्वराच्या गाभाऱ्यातच घडेल, तप्त वाळूत घडणार नाही, असे त्यांनी मानले नाही.

अलीकडच्या काळात या पाच यमांचा संसारी माणसांच्या समूहासाठी गंभीरपणे विचार महात्मा गांधींनी केला. १९३० साली पुण्यास येरवडा कारागृहात असताना ते दर मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर साबरमती आश्रमवासीयांसाठी एकेका व्रतावर लिहीत. ते लेख ‘मंगल प्रभात’ या छोट्या पुस्तकात संग्रहित आहेत. त्यात आणखी व्रतांची भर असली, तरी पाया या पाच यमांचाच आहे. अस्तेयाचा त्यांनी लावलेला अर्थ कठोर आहे: ज्या वस्तूची आपणास खरी गरज नाही ती घेणे, हीही चोरीच. व्यासभाष्यातही अस्तेय म्हणजे केवळ परद्रव्य न उचलणे नव्हे, त्याची स्पृहाही न धरणे, असा अर्थ आहे.

येथे दात्यांशी थोडे मोकळेपणाने बोलणे आवश्यक वाटते. योगसूत्रे सांगतात की हिंसा इत्यादी दोष स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि नुसते अनुमोदिलेले असे तीन प्रकारचे असतात. त्यांच्या मुळाशी लोभ, क्रोध वा मोह असतो. आणि ते सौम्य, मध्यम वा तीव्र असतात. भाष्यकार हा हिशेब पुढे नेऊन एकट्या हिंसेचे ८१ भेद मोजतात. हे वर्गीकरण वाचताना कंटाळा येण्याचा संभव आहे, परंतु त्यातील ‘करविलेले’ आणि ‘अनुमोदिलेले’ हे दोन शब्द सोडून देता येत नाहीत. कामगाराची मजुरी आपण स्वतः थकविली नाही, मुकादमाने थकविली, एवढ्याने मालक सुटत नाही. मग त्या पैशातून घडणारे दान कितीही मोठे असले, तरी ज्याचे देणे होते तो मजूर रिकाम्या हातानेच घरी जातो. त्याचे देणे आधी चुकवावे आणि दान त्यानंतर करावे. अशाने दानाची रक्कम क्वचित कमी होईल, पण ते दान आपले होईल.

अपरिग्रहाबद्दल तर गृहस्थ बहुधा घाबरून जातो. संसार आहे, मुलाबाळांचे शिक्षण आहे, संचय न करून कसे चालेल? भाष्यकारांनी संग्रहाचे पाच दोष सांगितले आहेत: तो मिळविण्याचे कष्ट, राखण्याची चिंता, नाशाचे दुःख, जडणारी आसक्ती आणि त्यापायी घडणारी हिंसा. संन्याशाने हे पाहून संग्रह सोडावा. गृहस्थाने निदान प्रत्येक नव्या खरेदीपूर्वी हे पाच प्रश्न एकदा मनाशी विचारावेत. त्यांतून जी वस्तू तरून जाईल ती खुशाल घ्यावी. आणि अर्पण केलेल्या वस्तूवरील आसक्तीही या हिशेबात धरावी. देणगीफलकावर आपले नाव कितव्या ओळीत आहे हे शोधणारी दृष्टी दिलेले द्रव्य अजून धरूनच असते. ईश्वरप्रणिधान म्हणजे सर्व कर्मे त्या परमगुरूस अर्पण करणे. त्यात नावही आले.

यम पाळताना मन उलट दिशेस ओढू लागले तर काय करावे? पतंजलींचा उपाय ‘प्रतिपक्षभावना’ हा आहे, म्हणजे विरोधी विचार हेतुपुरस्सर मनात आणणे. सोडलेली गोष्ट पुन्हा धरणारा हा स्वतःचेच ओकलेले चाटणाऱ्या कुत्र्यासारखा, असा विचार साधकाने करावा असे भाष्य सांगते. उपमा कठोर खरी, पण एकदा वाचली की विसरली जात नाही. घरात सुनेवर, नोकरावर संतापाचा शब्द जिभेवर आला की तो बोलल्यानंतर घरात काय होईल हे क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. अहिंसेचा अभ्यास बहुतेक घरांत या एका क्षणापाशीच सुरू होतो.

चित्त प्रसन्न राखण्यासाठी आणखी एक उपाय समाधिपादात आहे: सुखी माणसाशी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवंताविषयी आनंद आणि पापाचरणाविषयी उपेक्षा. याची परीक्षा दर्शनबारीतच घेता येते. पुढच्या कुटुंबास निवांत दर्शन घडले तर संतोष वाटतो का? मागे थकलेली वृद्धा उभी असेल तर तिला पुढे जाऊ देतो का? कोणी रांग मोडून घुसला तर सेवेकऱ्यास सांगून आपण नामस्मरणाकडे वळतो, की तास-दीड तास त्याच्याच पाठीकडे पाहत राहतो?

अभ्यास दृढ होण्यास तो दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक व्हावा लागतो, असे सूत्रकार म्हणतात. म्हणून क्षेत्राहून परतताना दहाही यम-नियमांचा संकल्प करू नये. येथे सहज पाळला गेलेला एकच नेम घ्यावा व तो घरी चालू ठेवावा. मधे तो मोडेल. साध्य झालेल्या अवस्थेत टिकून न राहणे, ‘अनवस्थितत्व’, हे पतंजलींनी योगमार्गातील नऊ अंतरायांत आजार, संशय आणि आळस यांच्या पंक्तीस बसविले आहे. आजार बरा झाल्यावर आपण जसे पुन्हा कामास लागतो, तसाच मोडलेला नेम दुसऱ्या दिवशी सकाळी, पुढच्या यात्रेची वाट न पाहता, पुन्हा धरावा.