गुहेतील दावीद

शास्त्रभाग: १ शमुवेल, अध्याय २४. सोबत वाचा: अध्याय २२, २५ व २६.

दाविदाचा अपराध एवढाच की लोक त्याची वाखाणणी करू लागले. तेवढ्यावरून शौल राजाने त्याच्यावर भाला फेकला, त्याच्या घरावर मारेकरी पाठवले आणि अहीमलेखाने त्याला भाकर दिली म्हणून नोबच्या ८५ याजकांचा वध करवला. हे ध्यानात ठेवूनच अध्याय २४ वाचावा.

एन-गेदी हे मृत समुद्राच्या पश्चिम काठी, ओसाड रानातले झऱ्याचे ठिकाण. शौल ३,००० निवडक माणसे घेऊन तेथे आला आणि दावीद आपल्या लोकांसह ज्या गुहेत लपला होता, तिच्यातच एकटा शिरला. सोबती म्हणाले, देवानेच शत्रू हाती दिला आहे. दाविदाने केवळ झग्याचा काठ कापला. तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले.

यावरून तीन गोष्टी शिकाव्यात.

१. नम्रता म्हणजे दुबळेपणा नव्हे. शस्त्र हाती होते, संधी होती. शमुवेलाने दाविदालाही अभिषेक केला होता. पण जे राज्य देव देणार, ते रक्त सांडून हिसकावायचे नाही, असे त्याने ठरवले.

२. नम्रता म्हणजे मुकेपणा नव्हे. गुहेबाहेर येऊन त्याने दंडवत घातले, शौलाला बाप म्हटले, स्वतःला मेलेला कुत्रा व पिसू म्हणवले. पण त्याच तोंडाने त्याने विचारले की चहाडखोरांचे तुम्ही का ऐकता? काठाचा तुकडा पुरावा म्हणून दाखवला आणि न्याय देवावर सोपवला.

३. नम्रता म्हणजे भाबडेपणा नव्हे. शौल रडला, त्याने चूक कबूल केली. तरी तो घरी गेला आणि दावीद गडावर गेला. अध्याय २६ मध्ये तोच शौल पुन्हा ३,००० माणसे घेऊन आला! म्हणून घरी मार खाणाऱ्या बहिणीला किंवा मालकाने छळलेल्या मजुराला ‘दाविदासारखे सोसा’ असे सांगणाऱ्याने आधी हे पाहावे की दावीद भाल्याच्या टप्प्यात बसून राहिला नाही. त्याने सूड टाकला, सावधपणा टाकला नाही.

आता अध्याय २५ पाहा. राजाचा जुलूम सोसणारा हाच दावीद नाबालाच्या अपमानकारक शब्दांनी पेटला आणि ४०० माणसे घेऊन त्याचे घर बुडवायला निघाला. अबीगईलने वाट अडवली नसती तर निरपराधांचे रक्त त्याच्या माथी आले असते. गुहेत जिवलगांनी देवाच्या नावाने चुकीचा सल्ला दिला. येथे एका अनोळखी स्त्रीने योग्य तो दिला. पहिला त्याने नाकारला, दुसरा ऐकला. सहनशीलता एकदा मिळवून ठेवता येत नाही. ती रोज मागावी लागते.

पुढे दाविदाच्या वंशातला प्रभू येशू पिलातापुढे उभा राहिला. त्याने सत्य सांगितले, उलट शिवी दिली नाही आणि स्वतःला न्यायी पित्याच्या हाती सोपवले. दाविदाच्या गोष्टीत जे अपुरे आहे, ते तेथे पूर्ण होते.

वर्गासाठी प्रश्न:
(अ) सोबत्यांचा सल्ला धार्मिक वाटत असूनही चुकीचा का?
(आ) क्षमा करणे आणि विश्वास टाकणे यांत फरक काय?
(इ) आपला ‘शौल’ सोसताना आपण कोणत्या ‘नाबाला’वर राग काढतो?