इंधनगळती आणि विहिरींची उपसा-चाचणी

पूर्णा तालुक्यातील ताडकळस परिसरात काळ्या मातीखाली मुरूम व त्याखाली बेसाल्टचा कातळ आहे. अशा भूभागात पेट्रोलची भूमिगत टाकी गळल्यास इंधन भेगांवाटे भूजलापर्यंत उतरते. ते पाण्यावर तरंगते. त्यातील बेन्झिन मात्र विरघळून प्रवाहाबरोबर पुढे सरकते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकीच ठेवली आहे.

दूषित पाणी उपसून टाकावे, हा उपाय सहज सुचतो. तो लागू पडेल काय, हे उपसा-चाचणीने ठरवावे लागते. ठरावीक दराने उपसा करून त्या विहिरीतील व आसपासच्या विहिरींतील पातळी किती उतरते, उपसा थांबल्यावर किती वेळात भरून येते, याची नोंद घेतात. मोठ्या घेराच्या विहिरीत प्रथम तिच्यातीलच साठा निघतो. म्हणून तास-दोन तासांची चाचणी फसवी ठरते. जवळची विहीर न उतरता दूरची उतरली, तर भेगांची दिशा कळते.

पातळी फार खाली नेणे मात्र इष्ट नव्हे. तरंगते इंधन कोरड्या भेगांना चिकटते आणि पावसाळ्यात पाणी चढताच पुन्हा त्यात मिसळते. तेव्हा इंधनाचा थर आधी काढावा. उपसलेले पाणी प्रक्रियेवाचून ओढ्यात सोडू नये, आणि साधा विद्युतपंप तर विहिरीत उतरवूच नये. वाफांना ठिणगी पुरते.