परदेशातील एका विद्यार्थ्याचा जमाखर्च
(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलाविषयी बोलताना आपण बहुधा त्याच्या हुशारीबद्दल बोलतो. त्याच्या वहीतील जमाखर्चाबद्दल सहसा कोणी बोलत नाही. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्याने आणि एका घरगुती प्रसंगामुळे मला या जमाखर्चाचाच विचार करावा लागला. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहे.

माझे आजोळ बदनावर. हा धार जिल्ह्यातील तालुक्याचा गाव. एके काळी तो पवारांच्या धार संस्थानातील एक परगणा होता. त्या काळी माळव्यात आलेल्या मराठी घरांपैकी एक घर माझ्या मामांचे. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शेतावर माळवी असा तेथला रिवाज. आमच्याकडे घरात मराठी आणि गल्लीत कन्नड, त्यामुळे मला तो परका वाटत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तेथे गेले, तेव्हा सोयाबीन नुकतेच मंडीत गेले होते आणि गव्हाच्या पेरणीची तयारी चालली होती. मामेभावाला लंडनच्या एका विद्यापीठात एम. एस्सी.साठी प्रवेश मिळाला होता. आनंद होताच, पण रात्री जेवणे झाल्यावर मामांनी जमिनीचे कागद काढले. आठ बिघे गहाण ठेवून कर्ज काढायचे त्यांच्या मनात होते. मामी गप्प होत्या. मामा मला म्हणाले, “काय गं, तू तर कॉमर्सची. जरा हिशेब मांडून दे. हे कर्ज फिटेल का?”

मी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि माझ्या ध्यानात आले, की पाठ्यपुस्तकात विदेशी विनिमयाचे प्रकरण शिकूनही मला हा हिशेब धड मांडता येत नाही. मग मी उदाहरण शोधू लागले. ते फार लांब नव्हते. बदनावरहून दिवसात जाऊन येता येईल अशा महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. आम्ही तिघे तेथे जाऊन स्मारक पाहून आलो. परत आल्यावर मी त्यांच्या विद्यार्थिदशेतील वर्षे एका विद्यार्थ्याचा जमाखर्च म्हणून वाचायला घेतली.

जमेची बाजू

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी आंबेडकरांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या वेळी रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स होता, म्हणजे एका पौंडाला पंधरा रुपये. त्या हिशेबाने दरमहा सुमारे १७२ रुपये झाले आणि अमेरिकेत त्याचे सुमारे ५६ डॉलर. तीन वर्षांची एकूण रक्कम ४१४ पौंड. ही रक्कम फुकटची नव्हती. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांनी लिहून दिला होता. आमच्या भाषेत सांगायचे तर ही जमा नव्हे, देणे होते. मामांच्या आठ बिघ्यांसारखेच.

खर्चाची बाजू

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पहिला मुक्काम हार्टली हॉल या वसतिगृहात. तेथील जेवण रुचेना, म्हणून ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि अखेर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले. तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी झालेली मैत्री जन्मभर टिकली. शिष्यवृत्तीतून थोडे पैसे घरी रमाबाईंकडे पाठवावे लागत. उरलेल्यात जेवण आणि पुस्तके. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली, असे धनंजय कीर यांनी चरित्रात लिहिले आहे.

या काळात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांत अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ होते. सेलिग्मन, जॉन ड्यूई यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन भारतीय व्यापार. आपल्या शाखेने हे अभिमानाने लक्षात ठेवावे.

ज्याची नोंद कोठल्याच वहीत होत नाही अशीही एक गोष्ट त्यांना तेथे मिळाली. मेजावर कोणाच्याही शेजारी बसावे, वाचनालयात कोणतीही खुर्ची घ्यावी, जात कोणी विचारू नये. परदेशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे स्वतः लिहिले आहे. ती परत आली बडोद्यात. १९१७ मध्ये करारानुसार ते नोकरीवर रुजू झाले, पण राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून काही दिवस काढले. एके दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. कोलंबियाचा पदवीधर सामान घेऊन झाडाखाली बसला आणि मुंबईला परतला. हा प्रसंग वाचून आम्ही तिघेही काही वेळ बोललो नाही.

खंड पडलेला अभ्यास

त्याआधी जून १९१६ मध्ये ते लंडनला गेले होते. ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी त्यांनी नाव घातले होते. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती पाणतीराने बुडाली.

त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे वाणिज्य महाविद्यालयात, अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. त्यातून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली. भथेनांकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

या वेळचे दिवस अधिक कठीण होते. सकाळी भोजनगृहातील पाव, माशाचा तुकडा आणि चहा. मग ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय बंद होईपर्यंत वाचन, दुपारच्या जेवणाला बहुधा फाटा. रात्री भूक लागली तर ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजायचे आणि कपभर दूध घ्यायचे. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहत होते. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले.

रुपयाचा प्रश्न

आता आमच्या विषयाचा गाभा. महायुद्धानंतर चांदी महागली, त्यामुळे चांदीच्या रुपयाचा दर चढला. १९२० च्या प्रारंभी तो दोन शिलिंगांच्याही वर होता. सरकारने तो दोन शिलिंगांवर, सोन्याच्या मापाने, बांधण्याचा प्रयत्न केला. तो फसला. १९२१ मध्ये रुपया पुन्हा एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास आणि काही काळ त्याहूनही खाली घसरला.

विद्यार्थ्याच्या खिशात याचा अर्थ काय? रुपया दोन शिलिंगांचा असताना ५,००० रुपयांचे ५०० पौंड होतात. तो एक शिलिंग चार पेन्सचा झाला की ३३३ पौंड. रुपये तेवढेच, पण लंडनमधील एक तृतीयांश भाकरी नाहीशी. रुपयांवर लंडनमध्ये शिकणाऱ्या कोणालाही ही घसरण जाणवल्याशिवाय राहिली नसेल. त्याच काळात त्यांचा डी. एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावरच चालला होता. ऑक्टोबर १९२२ मध्ये तो सादर झाला. परीक्षकांनी फेरबदल सांगितले, ते करून त्यांनी १९२३ मध्ये पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळाली. प्रा. एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह तो ग्रंथरूपाने निघाला. पुढे १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली.

बदनावरचा हिशेब

हे वाचल्यावर मामांचा हिशेब मला मांडता आला. समजा, फी वीस हजार पौंड आणि पौंडाचा दर ११० रुपये. म्हणजे बावीस लाख. पौंड पाच रुपयांनी चढला तर त्याच फीला एक लाख जास्त लागतील. कर्ज रुपयांत, खर्च पौंडांत आणि फेड गव्हा-सोयाबीनच्या भावावर. तीन बाजू आणि एकीवरही आपला ताबा नाही. मी मामांना म्हटले, “फिटेल की नाही हे मला सांगता येत नाही. पण आठही बिघे एका दरावर लावू नका.”

मामेभाऊ रागावला. मलाही वाईट वाटले, कारण त्याच्या जागी मी असते तर मीही रागावले असते. दोन दिवसांनी तोच म्हणाला, “त्यांनीही मध्ये तीन वर्षे थांबून कमावलेच ना?” त्याने विद्यापीठाला प्रवेश पुढे ढकलण्याविषयी पत्र लिहिले आणि इंदूरला नोकरी शोधू लागला. कागद परत पेटीत गेले. थांबायला लागणे आणि सोडून देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या घराला पटले एवढे खरे.

माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजी तासाला मागच्या बाकावर बसणाऱ्यांपैकी मी एक. परदेशी जाण्याचे माझे स्वप्न मी अजून कोणाला सांगितलेले नाही. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मैत्रीण हिशेबाला ‘लेक्क’ म्हणते. आपला लेखा तो हाच. तो आपल्या भाषेत आधी नीट मांडता आला, तर पुढे कोणत्याही भाषेत मांडता येईल, असे मला आता वाटू लागले आहे.