भाजी नको म्हणणाऱ्या मुलांसाठी भाजीचाच खाऊ



इंदूरच्या आसपासच्या गावांतून पहाटे भाजीच्या गाड्या चोइथराम मंडीकडे निघतात. पालक, मेथी, फुलकोबी, गाजर, बटाटा असा ताजा माल त्यांत असतो. माल विकून शेतकरी घरी येतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या पिशवीत मुलांसाठी तळलेल्या खारट खाऊच्या पुड्या असतात. आपण पिकविलेली भाजी शहरातील मुले खातात आणि आपले मूल मात्र पुडीवर वाढते. घरच्या आईला विचारले तर ती म्हणते, "फादर, भाजी ताटात वाढते, पण पोरगं तोंडच फिरवतं. मी तरी काय करू?" या प्रश्नाचे उत्तर या पाठात आम्ही देणार आहोत.

प्रश्न किती गंभीर आहे?

२०१९-२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी भारतात शेकडा ६७ आणि मध्य प्रदेशात शेकडा ७२ हून अधिक मुलांना रक्तक्षय आहे. रक्तक्षय झालेले मूल फिकट दिसते, लवकर दमते, चिडचिड करते, अभ्यासात मागे पडते. काही मुले माती किंवा खडू खातात. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. आहारात लोह कमी असणे, पोटात जंत असणे, वारंवार आजारपण येणे ही त्यांतील मुख्य होत. केवळ भाजी खाऊन सर्व दुखणी जातील असे कोणी समजू नये. पण रोजच्या जेवणात पालेभाजी, डाळ आणि लिंबू असेल तर मुलाच्या शरीराला मोठा आधार मिळतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. गाजर, लाल भोपळा, पालक, मेथी, शेवग्याचा पाला यांतून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. ते अंगी लागण्यासाठी जेवणात थोडे तेल किंवा तूप असावे लागते. संध्याकाळी अंधार पडताच मूल अडखळू लागले, तर घरगुती उपाय करीत न बसता त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

मूल भाजी का नाकारते?

मूल हट्टी आहे म्हणून नाकारते असे आपण समजतो. ते पूर्ण खरे नाही. लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा अधिक जाणवते. शिवाय दोन ते पाच वर्षे या वयात नव्या पदार्थाची भीती वाटणे हे निसर्गाचेच आहे. एखादी चव ओळखीची होण्यासाठी तो पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही पुढे यावा लागतो. आपण दोनदा वाढतो आणि "याला आवडतच नाही" असा निकाल देऊन मोकळे होतो.

आणखी एक कारण म्हणजे जेवणापूर्वीच भरलेले पोट. चार वाजता चहा-बिस्कीट आणि सहा वाजता पुडी झाली की आठ वाजता भूक कोठून येणार? शिवाय चहामुळे अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही. लहान मुलांना चहा देऊच नये हे उत्तम.

दहा दिवसांची परीक्षा

पवित्र शास्त्रातील दानिएलच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात एक बोधप्रद प्रसंग आहे. बाबेलच्या राजवाड्यात आणलेल्या दानिएलने आणि त्याच्या तीन सोबत्यांनी राजाच्या पंक्तीचे अन्न घेण्याचे नाकारले. ही पोरे रोडावली तर राजा आपल्याला शिक्षा करील, अशी भीती अधिकाऱ्याला वाटली. दानिएलने भांडण केले नाही. दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन पाहा, मग आमचे चेहरे पाहून काय ते ठरवा, एवढीच विनंती त्याने केली. दहा दिवसांनी ते चौघे इतरांपेक्षा सुदृढ दिसले.

दानिएलने हे केले ते देवावरील निष्ठेपोटी. तो काही आहारशास्त्राचा धडा नव्हे. तरी त्याची रीत आपल्या घरी उपयोगी पडेल. मुलाशी भांडू नये, मार देऊ नये, "भाजी खाल्लीस तर पुडी देईन" असा सौदाही करू नये. अशा सौद्याने मुलाला इतकेच कळते की भाजी ही शिक्षा आहे आणि पुडी हे बक्षीस. दहा दिवस रोज चार वाजता भाजीचा एक खाऊ पुढे ठेवावा. दोन घास खाल्ले तरी पुरे. आईवडिलांनी तोच खाऊ मुलासमोर आवडीने खावा. बापच ताटातील भाजी बाजूला सारीत असेल, तर आईने कितीही सांगितले तरी मूल बापाचेच पाहून शिकते.

घरी करता येण्याजोगे चार खाऊ

१. भुट्ट्याचा कीस. हा तर आपल्या माळव्याचाच पदार्थ. इंदूरच्या सराफ्यात रात्री लोक तो मुद्दाम खायला जातात. चार कोवळी कणसे किसून घ्यावीत. कढईत दोन चमचे तूप तापवून मोहरी, जिरे, हिंग आणि थोडी हिरवी मिरची यांची फोडणी करावी. कीस घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे परतावा. कच्चा वास गेला की एक किसलेले गाजर, मीठ आणि एक वाटी दूध घालून, दूध आटेपर्यंत झाकून शिजवावे. कढई खाली उतरवल्यावरच लिंबू पिळावे, आधी पिळल्यास दूध फाटते. वरून कोथिंबीर घालावी.

२. कोबीच्या वड्या. दोन वाट्या बारीक चिरलेल्या कोबीला मीठ लावून दहा मिनिटे ठेवावे. त्याला पाणी सुटते. त्यात एक वाटी डाळीचे पीठ, दोन चमचे तांदळाची पिठी, तीळ, हळद, धने-जिऱ्याची पूड आणि चमचाभर तेल घालावे. लागलेच तर थोडे पाणी घालून गोळा मळावा. लांबट वळ्या करून पंधरा ते वीस मिनिटे वाफवाव्यात. सुरी घालून ती कोरडी निघाली की शिजले असे समजावे. निवल्यावर चकत्या कापून तव्यावर थोड्या तेलात परताव्यात. याच रीतीने मेथीच्या किंवा कोथिंबिरीच्या वड्याही होतात.

३. पालक-मुगाचे धिरडे. सालीची मुगाची डाळ एक वाटी चार तास भिजवून, मूठभर धुतलेला पालक, आले आणि मीठ घालून वाटावी. तव्यावर लहान लहान धिरडी घालावीत. हिरवा रंग मुलांना गमतीचा वाटतो. खाताना लिंबू पिळण्यास विसरू नये, कारण लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे डाळीतील आणि पालेभाजीतील लोह अधिक अंगी लागते.

४. लाल भोपळ्याचे घारगे. एक वाटी किसलेला भोपळा आणि अर्धी वाटी गूळ एकत्र शिजवावा. गूळ विरघळला की निवू द्यावे. त्यात चिमूटभर मीठ, चमचाभर तूप आणि मावेल तेवढी कणीक घालून मळावे. जाडसर थापून तळण्याऐवजी तव्यावर तूप सोडून भाजावेत. गुळामुळे हा खाऊ रोज न करता आठवड्यातून एक-दोनदा करावा.

सकाळी पोहे तर आपल्या घरोघरी होतातच. त्यांत वाटाणे, किसलेले गाजर आणि मूठभर शेवग्याचा कोवळा पाला घालावा. वरून चिमूटभर शेव भुरभुरली की मूल हसत खाते.

काही माता विचारतात, भाजी लपवून दिली तर चालेल का? आरंभी किसून किंवा वाटून द्यावी. पण यात काय आहे असे मुलाने विचारल्यास खरे सांगावे. फसविले गेल्याचे कळले की मूल पुढे आईच्या हातचा घासही संशयाने पाहते. हळूहळू कीस जाडसर करावा, मग फोडी ठेवाव्यात. भाजीची ओळख होणे हा आपला हेतू आहे.

मुलाचा स्वतःचा वाफा

शेतकऱ्याजवळ शहरातील लोकांना नसलेले एक साधन आहे, ते म्हणजे जमीन. मोरीचे पाणी जाते तेथे चार हात लांबीचा एक वाफा मुलाच्या नावाने करून द्यावा. त्यात साबण-सोड्याचे पाणी मात्र जाऊ देऊ नये. मुळ्याचे बी चार-पाच दिवसांत उगवते. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडता येते. स्वतः पेरलेली मेथी मूल सहसा नाकारीत नाही. बांधावर एक शेवगा आणि एक लिंबू असावे.

खतासाठी बाहेर जाण्याचे कारण नाही. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कंपोस्ट करण्याची जी रीत बसविली, ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते आणि दोघांचे पुस्तक १९३१ साली निघाले. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचावेत, ओल राखावी आणि ढीग तीन वेळा उलथावा. सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत मिळते. हजारोंना जेवू घातल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडेही गोळा करावयास लावले होते. शेतातील काडीकचराही वाया जाऊ न देणे हे त्याच शिकवणुकीला धरून आहे.

सावधगिरी

चार वर्षांखालील मुलांना कच्च्या गाजराचे तुकडे किंवा अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात. गाजर किसून किंवा उकडून द्यावे. बीट खाल्ल्यावर लघवी तांबडी दिसली तर घाबरू नये. फवारणी केलेली भाजी, औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय तोडू नये, आणि घरच्या वाफ्यावर विषारी औषध मारूच नये. जंतांचे औषध आणि लोहाचे औषध अंगणवाडीत व शाळेत मिळते, ते चुकवू नये. मूल फारच फिकट दिसत असेल तर रक्त तपासून घ्यावे.

पैशाचा हिशोब

दोन मुलांना रोज पाच रुपयांची एकेक पुडी दिली तर दिवसाला दहा, महिन्याला तीनशे आणि वर्षाला ३,६५० रुपये होतात. एवढ्यात घरातील मुलांच्या वह्या-पुस्तकांचा बराच खर्च भागतो. आपल्या धर्मप्रांतातील उदयनगर परिसरात गरीब शेतकऱ्यांचा पैसा सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांनी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी प्राण दिले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. गरिबाच्या घरातील पैसा त्याच्या मुलाबाळांच्या कामी यावा, ही त्यांची तळमळ आपणही आपल्या घरात जपू या.

भाकर मागणाऱ्या मुलाला कोणता बाप दगड देईल, असे प्रभूने विचारले आहे. आपण मुलांना दगड देत नाही, हे खरे. पण भूक मारणारी आणि पोषण न करणारी पुडी देताना क्षणभर थांबून विचार करावा.

कुटुंबात चर्चेसाठी

१. गेल्या आठवड्यात आपल्या मुलाने कोणकोणत्या भाज्या खाल्ल्या?
२. मंडीला माल नेण्यापूर्वी घरासाठी भाजी बाजूला ठेवली जाते काय? ती कोण ठेवतो?
३. येत्या रविवारपासून दहा दिवस कोणता खाऊ कोणत्या दिवशी करावयाचा, हे मुलांना सोबत घेऊन ठरवा आणि कागदावर लिहून चुलीजवळ लावा.