सांदकफूच्या लँड रोव्हर

तुम्ही एस.टी.ने घाटातून प्रवास केला असेल. वळणे कितीही असली, तरी घाटात डांबरी रस्ता असतो. आता असा घाट डोळ्यांसमोर आणा, की जिथे डांबर नाही, मुरूमही नाही. मोठमोठे दगड एकमेकांशेजारी बसवलेले आहेत. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी. पावसाळ्यात दगडांवरून पाणी वाहते आणि हिवाळ्यात कधी कधी बर्फ पडतो.

पश्चिम बंगालमधील दार्जिलिंग जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेवर, मानेभंजन नावाचे छोटे गाव आहे. तेथून सांदकफूला जाणारी सुमारे ३१ किलोमीटरची वाट अनेक वर्षे अशीच होती. सांदकफूची उंची ३,६३६ मीटर आहे. आपल्या कळसूबाईच्या उंचीच्या दुपटीहून ती अधिक आहे. हवा स्वच्छ असेल, तर तेथून कांचनजंगा समोर दिसते आणि दूरवर एव्हरेस्टही दिसते.

या वाटेवर माणसे, तांदूळ, रॉकेल, आजारी रुग्ण आणि पुढे पर्यटक यांना नेण्याचे काम कोणी केले? लँड रोव्हर नावाच्या जुन्या गाड्यांनी. यांतील कित्येक गाड्या १९५० नंतरच्या दशकातील आहेत. चहाच्या मळ्यांच्या इंग्रज साहेबांनी त्या आणल्या, असे तेथील लोक सांगतात. साहेब गेले, गाड्या राहिल्या. त्या गावातल्या लोकांनी विकत घेतल्या. अशा गाडीचा चालक पुष्कळदा तिचा मालक असतो आणि तिचा मिस्त्रीही तोच असतो.

सत्तर वर्षांची गाडी अशा दगडांवर कशी टिकली? याचे थोडे श्रेय ती बनवणाऱ्यांना द्यावे लागेल.

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले. त्या वेळी इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती. रोव्हर कंपनीतील मॉरिस विल्क्स हे आपल्या शेतावर अमेरिकन लष्कराची जुनी जीप वापरत. अशीच गाडी आपण शेतकऱ्यांसाठी का बनवू नये, असे त्यांना वाटले. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर प्रथम लोकांपुढे आली. पोलाद कमी म्हणून तिच्या अंगाचा बराचसा पत्रा ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा होता. मोठे साचे करण्याचा खर्च वाचवायचा, म्हणून पत्रे सपाट ठेवले होते. ते बोल्ट आणि रिबिट यांनी जोडलेले होते.

टंचाईमुळे केलेली ही रचना पुढे डोंगरातल्या मालकांच्या फार उपयोगी पडली. सपाट पत्रा चेपला, तर लाकडावर ठेवून हातोड्याने सरळ करता येतो. पुढचे मडगार्ड कड्याला घासले, तर बोल्ट काढून वेगळे करता येते. ॲल्युमिनिअमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. मात्र गाडीची चासी पोलादाची असते. बाहेरून गाडी चकचकीत दिसते आणि आत चासी सडत असते. चिखल तिच्या कोपऱ्यांत अडकतो, ओलावा धरून ठेवतो आणि हळूहळू पोलाद खातो. जिथे ॲल्युमिनिअम पोलादाला चिकटून असते, तिथे ओलाव्याने ॲल्युमिनिअमसुद्धा झिजते. म्हणून जाणकार मालक गाडीचा वरचा भाग एक वेळ धुणार नाही. पण तिच्या पोटाखालचा चिखल काढल्याशिवाय राहणार नाही. जुनी गाडी घेणाऱ्यानेही रंग पाहू नये, खाली वाकून चासी पाहावी.

दगडांवर सर्वांत जास्त मार बसतो तो पाट्यांना. पाटे म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचा सारा भार त्यांच्यावर असतो. सतत आदळून एखादा पाटा तुटतो. तेव्हा सगळा संच टाकून न देता तेवढा एक पाटा बदलता येतो. पाटे धरून ठेवणारे बोल्ट मात्र पुन्हा पुन्हा आवळावे लागतात. सांध्यांना ग्रीस भरावे लागते. गाडी खोल पाण्यातून गेली, तर मागच्या-पुढच्या आसांतील तेल तपासावे लागते. तेल दुधासारखे पांढरट दिसले, की आत पाणी शिरले असे समजायचे आणि ते बदलायचे. यांतले एकही काम अवघड नाही. पण ते रोज करायला माणूस लागतो.

आता इंजिनाची गोष्ट. १९४८ च्या लँड रोव्हरला सुमारे १,६०० सी.सी.चे पेट्रोल इंजिन होते. इतकी वर्षे चढ चढून ही जुनी इंजिने झिजली आणि त्यांचे भाग मिळेनासे झाले. मग मानेभंजनच्या अनेक मालकांनी आपल्या मुंबईच्या महिंद्र कंपनीच्या गाड्यांचे डिझेल इंजिन लँड रोव्हरमध्ये बसवले. वाचताना हे सोपे वाटते. पण इंजिन ज्यावर टेकते त्या बैठका नव्या कराव्या लागतात. नवे इंजिन जुन्या गिअरपेटीला सरळ जुळत नाही. मध्ये जाड लोखंडी चकती घालून दोन्ही एका रेषेत आणावे लागतात. रेषा जरा चुकली, तरी गाडी थरथरते आणि क्लच लवकर खराब होतो. डिझेल इंजिन जड असले, तर पुढचे पाटे दबतात, म्हणून तेही बदलावे लागतात. एक बदल केला, की त्याच्यामागून आणखी चार बदल येतात. शिवाय इंजिन बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते.

जुन्या गाड्यांचा संग्रह करणाऱ्यांना असे बदल आवडत नाहीत. गाडी कारखान्यातून आली तशीच राहावी, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण माझ्या मते संग्रहातली गाडी वेगळी आणि जिच्या कमाईवर घराची चूल पेटते ती गाडी वेगळी. इंजिन बदलले नसते, तर यांतल्या कित्येक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या असत्या.

आपण चालकाशेजारी बसलो आहोत, असे समजा. त्याच्यापाशी नेहमीच्या गिअरशिवाय आणखी दोन मुठी दिसतील. एक पिवळी आणि एक लाल. साध्या रस्त्यावर इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. पिवळी मूठ खाली दाबली, की तो पुढच्या चाकांनाही मिळतो. मग मागची चाके दगडावरून घसरली, तरी पुढची चाके गाडी ओढतात. लाल मूठ आणखी उपयोगी. सायकलला गिअर असतील, तर चढावर तुम्ही हलका गिअर टाकता. पाय भरभर फिरतात, सायकल हळू जाते, पण चढ चढते. लाल मूठ मागे ओढली, की गाडीचे तसेच होते. वेग कमी होतो आणि जोर वाढतो.

उतरताना खरी कसोटी लागते. सारखा ब्रेक दाबला, तर तो तापतो आणि नीट धरत नाही. म्हणून उतारावरही हलकाच गिअर ठेवतात आणि इंजिनालाच गाडी रोखू देतात. अशा वेळी क्लच दाबायचा नाही. तो दाबला, की चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो आणि गाडी सुटते. चालकाचे अंगठेही पाहा. ते स्टेअरिंगच्या आत नसतात, वरच्या कडेवर असतात. चाक दगडावर आदळले, की स्टेअरिंग झटक्याने फिरते आणि आत अडकलेला अंगठा मोडू शकतो. समोरून गाडी आली, तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा डोंगरातला नियम आहे.

अलीकडच्या वर्षांत या वाटेच्या मोठ्या भागावर सिमेंट काँक्रीट झाले आहे. रुग्ण आता लवकर खाली येतो, सामान लवकर वर पोहोचते. पण या रस्त्यावर बोलेरोसारख्या नव्या गाड्याही चालतात. त्यांत पाठ दुखत नाही आणि सुटे भाग दुकानात मिळतात. तेव्हा जुन्या गाडीवर मुलाने मेहनत करावी, की नवी गाडी घ्यावी, हा प्रश्न तिथल्या घरांपुढे आहे. काही पर्यटक मात्र मुद्दाम लँड रोव्हरच मागतात.

कोरड्या काँक्रीटवर चारही चाकांना जोर देऊन चालत नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. दगडमातीवर चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात; पण कोरड्या, कडक रस्त्यावर ती घसरत नाहीत आणि सारा ताण आतल्या दातेरी चाकांवर येतो. म्हणून काँक्रीटवर चालकाची पिवळी मूठ वरच असते. पुढे बर्फ किंवा सुटे दगड लागले, की तो ती पुन्हा खाली दाबतो.

शब्दार्थ
टंचाई – कमतरता. मिश्रधातू – दोन किंवा अधिक पदार्थ मिसळून केलेला धातू. चासी – गाडीचा खालचा सांगाडा. आस – चाके जोडणारा दांडा. मिस्त्री – यंत्र दुरुस्त करणारा कारागीर. जाणकार – माहीतगार.

स्वाध्याय
१. लँड रोव्हरचे पत्रे सपाट का ठेवले होते? त्याचा पुढे कोणाला फायदा झाला?
२. इंजिन बदलल्यावर गाडीत आणखी कोणते बदल करावे लागतात?
३. कारणे लिहा : (अ) उतारावर क्लच दाबत नाहीत. (आ) चालक अंगठे स्टेअरिंगच्या आत ठेवत नाही.
४. जुनी गाडी ठेवावी की नवी घ्यावी? मानेभंजनच्या मालकाच्या घरी झालेले बोलणे पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. ‘मालक, मेहनत, जोर, हवा’ हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.