बालकाचा श्वास मोजा

थंडी पडू लागली म्हणजे गावोगावच्या मंडळ्यांत तान्ही मुले खोकू लागतात. अशा वेळी आईबापांनी व उपदेशकांनी काय करावे, हे आज आम्ही सांगू इच्छितो.

पडसे बहुतेक विषाणूंपासून होते. त्यांपैकी 1956 साली प्रथम ओळखला गेलेला एक विषाणू दोन वर्षांखालील मुलांस विशेष छळतो. मोठ्या माणसाचे त्याने बहुधा केवळ नाक गळते. परंतु तान्ह्याच्या श्वासनळ्या फार अरुंद असल्यामुळे त्या सुजून कफाने कोंदतात. म्हणून ज्यास पडसे झाले असेल त्याने बाळाचा मुका घेऊ नये, व साबणाने हात धुतल्यावाचून त्यास उचलू नये. चुलीच्या धुरापासूनही बाळास दूर ठेवावे.

विषाणूंवर प्रतिजैविक औषधे चालत नाहीत. बहुतेक मुले ऊब, विसावा व आईचे दूध यांनीच बरी होतात. परंतु काहींस फुप्फुसाचा दाह, म्हणजे न्यूमोनिया होतो. तो ओळखावा कसा? मूल शांत असता अंगरखा वर करून पुरे एक मिनिट त्याचे श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आतील मुलाचे 60, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत 50, व एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक भरले, तर दवाखान्यात न्यावे. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर झाले असतील, मूल दूध पीत नसेल किंवा निपचित पडले असेल, तर क्षणाचाही विलंब लावू नये.

हे काम खेड्यातील माणसांस साधेल काय? अवश्य साधेल. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1988 साली गावच्याच कार्यकर्त्यांस व सुइणींस न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. ज्या गावांत ही सोय नव्हती तेथे पाच वर्षांखालील दर 1000 मुलांमागे न्यूमोनियाने वर्षाकाठी 17.5 मृत्यू होत. सोय असलेल्या गावांत ते 8.1 वर आले.

पोट उडू लागले म्हणजे तापलेल्या सळईने डाग देण्याची चाल कित्येक ठिकाणी आहे. तिने दुखणे जात नाही. बाळास मात्र यातना होतात व अमूल्य वेळ दवडला जातो. कोणी म्हणतील, "आम्ही प्रार्थना केली आहे, ती पुरे." बंधूंनो, प्रार्थना अवश्य करा, परंतु दवाखान्याची वाट चालता चालता करा. लूक हा वैद्यच होता, आणि त्यास प्रेषिताने प्रिय म्हटले.

आपल्या प्रभूने बालकांस कवेत घेतले. त्याच्या नावाने म्हणविणाऱ्या प्रत्येक मंडळीत श्वास मोजणारे निदान दोघे जण असावेत. येत्या रविवारी उपासनेनंतर उपदेशकांनी हा पाठ सर्व मातांस शिकवावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.