पांढऱ्या कव्हरखालचं लाकूड

बारा वर्षांपूर्वी वांद्र्याच्या एका गोवेकर अंकलकडून मी त्यांचा लुडविगचा ड्रमसेट घेतला. 22 इंची बेस, 13चा टॉम, 16चा फ्लोअर टॉम. टॉमच्या आत लाल शाईत 1965 सालचा शिक्का. बाहेरचा मूळचा पांढरा, मोत्याच्या झाकेचा रॅप हॉटेलांतल्या सिगारेटच्या धुरानं पिवळा पडला होता आणि टॉमवर सांध्यापाशी बोटभर सुटला होता. देताना अंकल एवढंच म्हणाले, "कव्हर काढू नको हं, नुसतं पुसून घे." मला तो म्हाताऱ्या माणसाचा जीव अडकलेला वाटला. दोन महिन्यांत मी टॉमचं कव्हर उतरवलं, आणि त्याच्याबरोबर शेलच्या बाहेरच्या लाकडाच्या पट्ट्याही निघून आल्या.

काय घडलं ते नीट सांगतो, कारण अशी चूक करणारे अजून भेटतात. त्या काळच्या लुडविगच्या शेलला लाकडाचे तीनच थर असतात आणि बाहेरचा थर पातळ असतो. शिवाय रॅपचं टोक त्या थराच्या सांध्यात आत खोचलेलं असतं. मी सुटलेल्या टोकाला धरून जोरात ओढत गेलो. खोचलेलं टोक लाकूड घेऊनच बाहेर आलं, आणि पुढे जिथे जिथे गोंदानं घट्ट धरलं होतं तिथे तिथे ढलप्या निघाल्या. ते टोक ओढायचं नसतं. सांध्यालगत धारदार पात्यानं कापून तिथेच राहू द्यायचं असतं. बाकीचा रॅप पातळ, बोथट पट्टीनं इंच इंच सोडवायचा. एका ड्रमला अख्खी दुपार लागली तर लागू द्या.

त्याच दिवशी आणखी एक वेडेपणा थोडक्यात टळला. गोंद सुटावा म्हणून मी हीट गन आणली होती. नशीब, तिची वायर तुटकी निघाली. साठच्या दशकातले असे रॅप बहुतेक सेल्युलॉइडचे, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे. 2003च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली होती; त्या फिल्मचा आणि या रॅपचा मूळ पदार्थ एकच. भडकला की आवरत नाही. ओळखायचं कसं? लगच्या, म्हणजे ताणाचे स्क्रू ज्यात बसतात त्या धातूच्या तुकड्याच्या, खाली लपलेल्या जागी अंगठ्यानं जोरात घासा. कापराचा वास आला की हीट गन, मेणबत्ती, सिगारेट, सगळं खोलीबाहेर. कातरणंही घरात साठवू नका.

नवा रॅप निवडताना मी फक्त रंग पाहिला. सायनबोर्डवाल्याकडून पांढरा प्लास्टिकचा चकचकीत पत्रा घेतला आणि जाडी मोजलीच नाही. मूळ रॅपपेक्षा तो अर्धा मिलीमीटर जाड होता. वरवर काहीच नाही, पण व्यास दोन्ही बाजूंनी मिळून एक मिलीमीटर वाढला, आणि सांध्यावर एकावर एक थर आल्यानं तिथे आणखी. हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, शेलवर उतरेना. ठोकून बसवलं तर एका बाजूला अडकलं. हेड शेलवर सैल, तरंगतं बसायला हवं, नाहीतर ट्यूनिंग कधीच जमत नाही. पुढे सहा महिने मी त्या टॉमच्या आवाजाचा दोष काठ्यांना, हेडला, खोलीला देत राहिलो. म्हणून आधी जुन्या रॅपची जाडी व्हर्नियर कॅलिपरनं मोजा आणि तेवढाच किंवा थोडा पातळ रॅप घ्या. वरच्या कडेपासून तो काही मिलीमीटर खालीच थांबवा. लांबीचा हिशेब सोपा आहे: 13 इंची ड्रमचा घेर सुमारे 41 इंच, त्यात सांध्यासाठी एक इंच, 22 इंची बेसला 69 अधिक एक. सांधा लगच्या रांगेखाली आणा, म्हणजे तो दिसत नाही आणि स्क्रूंनी दाबलाही जातो. भोकं आतून बाहेर, बाहेरच्या बाजूला लाकडाचा ठोकळा धरून.

चिकटवायचं काम पावसाळ्यात मुळीच काढू नका. सनमायका लावायचं रबरी सोल्युशन दमट हवेत सुकताना वर ओलसर पापुद्रा धरतं आणि जोड वर्षभरात सुटतो. मुंबईत आणि गोव्यात हे काम दिवाळीनंतरचं.

रंगाच्या जुळणीचंही ऐका. 1963 साली लंडनच्या ड्रम सिटी दुकानात ड्रमर रिंगो स्टारनं लुडविगचा सेट निवडला तो ऑयस्टर ब्लॅक पर्ल या रॅपच्या मोहानं. पण सत्तरच्या दशकातला त्याच नावाचा लुडविगचा रॅप शेजारी ठेवा, नक्षी वेगळीच दिसते. म्हणजे नाव तेच असलं तरी पत्रा तोच नसतो. माझा नवा पांढरा टॉम दोन पिवळसर ड्रमांच्या मधे परका वाटतो, आणि बेसच्या लाकडी हूपवरची मूळ पट्टीही त्याच्याशी जुळत नाही. ड्रमवरच्या कंपनीच्या बिल्ल्याचाही असाच घोळ. तो पितळी कडीनं ठोकलेला असतो, कडी काढली की बहुतेक वेळा मोडते. मी ती मोडली.

माझ्या टॉमला मुळात काय हवं होतं? सुटलेल्या बोटभर भागाखाली पातळ सोल्युशन, वर लाकडाची पट्टी, भोवती पट्टा आवळून एक रात्र. पिवळेपणासाठी मऊ फडकं आणि प्लास्टिकचं सौम्य पॉलिश. फार तर दोन दिवसांचं काम. रॅप खरोखर तुकडे तुकडे होऊन गळत असेल किंवा आधीच कुणी काढून टाकला असेल, तरच नव्याचा विचार करावा असं माझं मत झालंय.

तुमच्या घरी काकांचा, मामांचा, अंकलचा असा सेट माळ्यावर पडला असेल, तर आधी एक लग काढा, खाली लपलेला मूळ रंग पाहा, आतला शिक्का वाचा, आणि जुना ड्रम उघडून पाहिलेल्या कुणाला तरी घरी बोलवा. माझे बेस आणि फ्लोअर टॉम अजून त्याच पिवळ्या कव्हरात वाजतात. त्यांना मी फक्त पुसतो.